साऱ्यावरचा एक आणा

आपल्या परिषदेचा विषय आहे कधीच मोडीत निघालेला एक कारभार : आजच्या अहिल्यानगरचे, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे लोकल बोर्ड.

त्याची मुळे आहेत शेतसाऱ्यात. 1869च्या मुंबई कायद्याने साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडासाठी पक्का केला. ज्या कुणब्याचा सारा दहा रुपये, त्याने वर दहा आणे मोजायचे. त्यातले सहा आणे आठ पै रस्ते, विहिरी, धर्मशाळा अशा कामांना आणि तीन आणे चार पै शाळेला. शिवाय कोंडवाड्याचा दंड, नदीवरच्या तरींचा मक्ता, शाळेची फी यांची भर.

पैसा गावाचा, पण फंडाच्या कमिटीवर बसत कलेक्टर, इंजिनिअर, मामलेदार आणि सरकारने निवडलेले जमीनदार.

लॉर्ड रिपनच्या 1882च्या ठरावानंतर 1884चा कायदा आला. जिल्हा बोर्ड आणि तालुका बोर्ड अशी दुमजली रचना झाली, निवडून आलेले सभासद आले. तरी अध्यक्षाच्या खुर्चीवर बराच काळ कलेक्टरच राहिले. 1923च्या कायद्याने निवडून आलेल्यांचे पारडे जड केले. पण मताला मालमत्तेची अट असल्याने शेतमजूर दाराबाहेरच राहिला.

1938 साली तालुका बोर्डे रद्द झाली. लहान जिल्ह्यात हा बदल पचला असता. इथे एका टोकाला अकोले तालुक्यातला सह्याद्री, दुसऱ्या टोकाला जामखेडचा कोरडा माळ. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोल्याच्या माणसाला मोरीचे गाऱ्हाणे मांडायचे तर शंभरावर किलोमीटर लांब नगरकडे तोंड करावे लागे. मधला कट्टाच नाहीसा झाला होता.

तो चोवीस वर्षांनी परत मिळाला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961चा कायदा झाला आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. बोर्डाचे रस्ते आणि दवाखाने जिल्हा परिषदेकडे आले. आणाही गेला नाही : साऱ्याच्या हिशेबात जिल्हा परिषदेचा उपकर आजही वेगळा लागतो. फरक एवढाच, की आता जिल्हा परिषदेचा मोठा खर्च सरकारी अनुदानावर चालतो आणि आपल्या पैशातून काय झाले, हे विचारणारा खातेदार पूर्वीइतका हट्टी राहिलेला नाही.

आपल्या परिषदेच्या पहिल्या सत्रात याच हिशेबावर चर्चा आहे. ज्यांच्या घरी वा ग्रामपंचायतीच्या कपाटात बोर्डाच्या जुन्या पावत्या, सभांची इतिवृत्ते असतील, त्यांनी नोंदणी कक्षात तशी माहिती द्यावी. त्यांच्या प्रती काढून घेण्याची सोय स्वागत समितीने केली आहे. राहण्या-जेवणात काही उणे आढळले तर स्वयंसेवकांना हक्काने सांगावे. अध्यक्षांनी आता परिषदेची सूत्रे स्वीकारावीत, अशी स्वागत समितीची विनंती आहे.