पेशींची जोपासना : डॉ. कमल रणदिवे यांचें कार्य

मनुष्यदेहाला नगराची उपमा दिली, तर त्याचे रखवालदार रक्तांतच वास करतात असें म्हणतां येईल. रोगजंतु आंत शिरले कीं रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यांस ओळखतात, त्यांच्याशीं झुंजतात, आणि एकदां गांठ पडलेला शत्रु बहुधा विसरत नाहींत. या ओळखीचा विचार करणारें तें रोगप्रतिकारशास्त्र. पेशींचा हा व्यवहार प्रत्यक्ष पाहावयाचा, तर त्या शरीराबाहेर कांचपात्रांत जिवंत ठेवण्याची विद्या अवगत हवी. ही विद्या आपल्या देशांत रुजविणाऱ्यांमध्यें डॉ. कमल रणदिवे यांचें नांव अग्रभागीं आहे.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजीं पुण्यास समर्थ घराण्यांत झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्राचे अध्यापक होते. कन्येनें वैद्यक शिकावें व डॉक्टराशींच विवाह करावा, अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागेंत शिकून फर्ग्युसनमध्यें गेलेल्या कमलताईंनीं मात्र आपली वाट निराळी निवडली. १९३९ सालीं गणिताचे व्यासंगी जे. टी. रणदिवे यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. १९४३ सालीं सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून पुण्याच्या कृषि महाविद्यालयांतून त्यांनीं एम्. एस्सी. ही पदवी मिळविली. पुढें मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं कर्करोगाचें संशोधन हातीं घेतलें, आणि १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. वैद्यक नाकारणारी कन्या अखेर रोगाच्याच मुळाशीं जाऊन पोंचली.

त्यानंतर अमेरिकेंत बाल्टिमोर येथें डॉ. जॉर्ज गे यांच्यापाशीं त्यांनीं पेशीसंवर्धनाचे धडे घेतले. मानवी कर्करोगपेशी शरीराबाहेर अखंड वाढत्या ठेवण्यांत १९५१ सालीं प्रथम यश आलें, तें याच गे यांना. स्वदेशीं परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत कमलताईंनीं देशांतील पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. काम मोठें नाजूक. पेशींना देहाइतकी ऊब हवी. अन्नद्रव वरचेवर बदलावा लागतो. हवेंतील एखादा जंतु आंत शिरला कीं कित्येक दिवसांचे श्रम वायां जातात. तान्ह्या बाळाप्रमाणें पेशींची निगा राखावी लागते.

या विद्येचें मोल कुष्ठरोगाच्या संशोधनांत विशेष दिसून आलें. कुष्ठाचा जंतु हॅन्सेन यांनीं १८७३ सालींच शोधला होता. पण प्रयोगशाळेंतील कृत्रिम अन्नावर तो कांहीं केल्या वाढेना. १९५८ सालीं बापट, रणदिवे व खानोलकर या त्रयीनें कुष्ठरोग्याच्या देहांतून मिळविलेला एक जंतु वाढवून दाखविला. तो साक्षात् कुष्ठजंतु नसून त्याचा भाऊबंद आहे, असें पुढें ठरलें. येथें एखाद्यानें हताश होऊन काम टाकलें असतें. परंतु देहाच्या रखवालदारांना चोराच्या भाऊबंदाचा चेहरा दाखविला, तर तेवढ्यावरून ते चोरालाहि ओळखतात. याच तत्त्वावर त्याच संस्थेंत डॉ. माधव देव व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो जंतु किरणांनीं मारून लस सिद्ध केली. तामिळनाडूंत १,७१,४०० निरोगी माणसांच्या सहभागानें चार लसींची तुलना झाली. १९९८ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हां या लसीनें सुमारें ६५ टक्के संरक्षण दिल्याचें आढळलें. ती घरोघर पोंचली नाहीं. पण कुष्ठाला देहच अडवूं शकतो, ही गोष्ट तिनें दाखवून दिली. आज कुष्ठावर गुणकारी औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें. यास्तव अंगावर बधिर चट्टा दिसल्यास लाजेनें तो झांकूं नये.

नाशिककरांस कमलताईंच्या उत्तरायुष्यांतील काम अधिक जवळचें वाटेल. इगतपुरी व सिन्नर यांच्या सीमेला लागूनच अकोलें तालुका आहे. १९७३ सालीं स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या द्वारें त्यांनीं तेथील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. अर्धपोटीं मुलाच्या देहांतील रखवालदारहि दुबळेच राहतात, हें विसरून चालत नाहीं. १९८२ सालीं त्यांस पद्मभूषण हा किताब मिळाला. २००१ सालीं त्यांचें निधन झालें.

त्यांची संस्था पुढें टाटा स्मारक केंद्रांत विलीन झाली व कालांतरानें नवी मुंबईंत खारघरला गेली. तेथें टाटा स्मारक केंद्र व मुंबईची आय. आय. टी. यांच्या सहकार्यानें पेशीउपचाराचा एक नवा प्रकार सिद्ध झाला. रुग्णाच्याच रक्तांतील टी पेशी बाहेर काढावयाच्या, कर्करोगपेशी ओळखण्याची खूण त्यांच्या अंगीं घालावयाची, त्यांची संख्या वाढवावयाची आणि त्या पुन्हां रुग्णास द्यावयाच्या, अशी ही पद्धति आहे. कांहीं प्रकारच्या रक्तकर्करोगांसाठीं तिला ऑक्टोबर २०२३ मध्यें मान्यता मिळाली. हा शोध कमलताईंचा नव्हे. खर्चहि अद्यापि लाखांत मोजावा लागतो. परंतु देहाबाहेर पेशी जगवावी कशी, हा पहिला धडा ज्यांनीं येथें गिरविला, त्यांच्या श्रमांवरच पुढच्या पिढीची इमारत उभी आहे. आपल्या घरांतील एखादी मुलगी रुळलेली वाट सोडून सूक्ष्मदर्शकाकडे वळली, तर तिला अडवूं नये. तिच्या श्रमांचें फळ कदाचित् तिच्या हयातींत दिसणार नाहीं. तें कोणा अनोळखी रुग्णाच्या अंगणीं पडेल.