गाडीची काच आतून धुकट होते? आधी बोट फिरवा

डिसेंबरची पहाट. धुळ्याहून जळगावला निघालात. पारोळा येईस्तोवर समोरची काच पांढरी, आणि पुढे कापसाची ट्रॉली, मागे लाइट नसलेली. काय कराल?

गाडी बाजूला घ्या. काचेवर आतून बोट फिरवा. बोट ओलं झालं, तर ती तुमच्याच श्वासातली वाफ. गार काचेला लागून तिचं पाणी होतं. फडक्याने पुसलं तरी लगेच परत येते. म्हणून हवा काचेवर सोडा, एसी आणि हीटर दोन्ही चालू करा. एसी हवेतली ओल खेचतो, हीटर काच तापवतो. आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा.

पावसाळ्यात उलटं होतं. एसीने काच गार पडते, ओल बाहेरून धरते. तेव्हा वायपर मारा, एसी कमी गार करा.

रोजच असं होतंय? पायाखालचं मॅट उचला. खाली साधं पाणी असेल तर एसीची नळी तुंबली असेल, नाहीतर दाराचं रबर गेलं असेल. पाणी चिकट, गोडसर वासाचं असेल तर हीटरमधून कूलंट गळतंय. मेकॅनिककडे जाच, नाहीतर इंजिन तापेल.

काच साफ झाली की मगच निघा. जळगाव कुठं पळून जात नाही!