बेटावरची गोधडी

तेल्हाऱ्याच्या बाजारांत कापसाच्या गाड्या रित्या होतात. पुढें त्या कापसाचें काय होतें याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. तो गांव सोडतो, गिरणींत जातो, लुगडें होऊन कधीं तरी परत येतो. आणि लुगडें जीर्ण झालें म्हणजे त्याची गोधडी होते. चित्र भिंतीवर लागतें, गोधडी अंगाखालीं जाते. एवढ्याच कारणानें तिला कला म्हणावयास लोक कचरतात.

मुंबई हें मुळांत सात बेटांचें शहर. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं तेथें पहिली कापडगिरणी काढली, आणि पुढें कोंकणांतील व घाटावरील हजारों पुरुष बायकामुलें गांवीं ठेवून त्या बेटावर राहावयास गेले. एकेका खोलींत पाळीपाळीनें निजणाऱ्या या माणसांची मालमत्ता म्हणजे पत्र्याची पेटी आणि गांवाहून आणलेली वळकटी. तिच्यांत आईचें लुगडें असे, बहिणीचा परकर असे. पत्र दुसऱ्याकडून वाचवून घ्यावें लागे. हे तुकडे मात्र निरक्षरालाही ओळखतां येत. १८ जानेवारी १९८२ रोजीं जो संप सुरू झाला त्यांत सुमारें अडीच लाख कामगार होते. त्यानंतर पुष्कळांच्या वळकट्या उलट वाटेनें गांवीं गेल्या.

याहून दूरचें बेट मॉरिशस. १८३४ पासून १९१० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर तेथें उतरले. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले मराठी लोकही होते. कोंकणची जाखडी तेथें झाकरी या नांवानें आजही नाचतात. नाच टिकला, पण मजुरांनीं काखोटीस मारून नेलेलें वस्त्र कशानें टिकावें? सुती कापड वापरानें विरतें, आणि गरिबाचें तर आधींच विरलेलें असतें.

समुद्रानें माणसें इकडेही आणलीं. पोर्तुगीजांनीं आफ्रिकेंतून गोव्यांत गुलाम म्हणून आणलेल्यांपैकीं कांहीं पळून कारवारकडील रानांत शिरले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांतील सिद्दी हे त्यांचे वंशज. त्यांच्या बायका कवंदी शिवतात. कडेपासून आरंभ करून, तुकडे लावीत व धावदोरा घालीत त्या फेऱ्याफेऱ्यांनीं मध्यापर्यंत येतात. चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचीं फुलें बसवितात. तीं नसलीं तर कवंदी उघडी राहिली असें समजतात. पाहिलेल्या देशाची आठवण कोणालाच उरलेली नाहीं, तरी रंगांची ती धीट मांडणी आली कोठून, असा प्रश्न पडतोच. २०११ सालीं या कवंद्यांचें प्रदर्शन न्यूयॉर्कमध्यें झालें. वऱ्हाडच्या गोधडीचा असा सन्मान अद्याप कोणी केल्याचें फारसें ऐकिवांत नाहीं, आणि ती कांहीं कवंदीहून हलकी नव्हे.

आतां घरोघर सुती लुगडीं नेसणाऱ्या आजीबाई थोड्या उरल्या. पॉलिएस्टरच्या साडीवर टांका नीट बसत नाहीं, अंगाखालीं ती उबत नाहीं, घामही टिपत नाहीं. शहरांतील दुकानांत नव्या कापडाची गोधडी मिळते. ती सुबक असते, पण अमका तुकडा कोणाचा, हें तिच्याविषयीं विचारतां येत नाहीं. जेथें जुनी गोधडी अजून फडताळांत आहे, तेथें वडील बायकांना तें विचारून घ्यावें, आणि एका पट्टीवर नांवें लिहून ती पट्टी अस्तराला टांकून ठेवावी. काम तासाभराचें आहे.