कृष्णाकाठी आपले स्वागत असो



उपयोजित सांख्यिकीच्या या कार्यशाळेसाठी आपण वाईची निवड केलीत, याचा साऱ्या गावाला आनंद झाला आहे. स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

वेळात वेळ काढून आपण ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यालच. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ १७६२ मध्ये बांधले. दर्शन झाले की देवळाच्या मागच्या बाजूला जरूर जा. तिथली भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचे पाणी तिच्यावर आदळते, दोन्ही अंगांनी फाटते आणि पुढे निघून जाते. अडीचशे वर्षांहून अधिक काळ ती कृष्णेचे पूर अंगावर घेत उभी आहे. जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. मराठेशाहीचे अस्सल कागद सांभाळणारे मेणवली दप्तर याच वाड्यातले. आपण माहितीची माणसे आहात, तेव्हा तिथे आपले पाऊल घोटाळल्याशिवाय राहणार नाही.

पण वाईचा खरा अभिमान मला विचाराल, तर मी प्राज्ञपाठशाळेचे नाव घेईन. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे गुरू नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांचे नाव मात्र आज फार थोड्यांच्या ओठी येते, आणि याची मला खंत वाटते. या माणसाने पाठशाळा उभारली, मीमांसाकोशासारखे अवाढव्य काम हाती घेतले आणि पोरे घडवली. विनोबा इथे शिकून गेले. खानदेशातल्या पिंपळनेरहून लक्ष्मणशास्त्री विद्यार्थी म्हणून आले आणि वाईचेच होऊन राहिले. गुरूने लावलेली कोशाची शिस्त शिष्याने मराठी विश्वकोशात आणली. १९७३ मध्ये परिभाषासंग्रह निघाला, १९७६ मध्ये पहिला खंड आला. शास्त्रीजींच्या मागे मे. पुं. रेगे, रा. ग. जाधव अशा संपादकांनी ते काम पुढे नेले. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांना हेवा वाटावा असे हे काम या तालुक्याच्या गावात झाले, हे मी छाती पुढे काढून सांगतो.

विश्वकोशातली कुठलीही नोंद उघडून पाहा. विषय काय, तो कुठून आला, आज कुठे पोहोचला, हे मोजक्या ओळींत सांगितलेले असते. शेवटी संदर्भ आणि त्याखाली लिहिणाऱ्याचे नाव. म्हणजे शब्दाशब्दाची जबाबदारी त्या नावावर. कार्यशाळेकडे आलेले सारांश छपाईला जाण्यापूर्वी माझ्या टेबलावरून गेले, तेव्हा मला या नोंदीच आठवत होत्या. मी सांख्यिकीचा विद्यार्थी नाही, वाचक आहे. सारांशात मला एवढेच हवे असते: प्रश्न कोणता होता, नमुना किती घेतला, तो कसा निवडला, हाती काय लागले आणि त्यावर कितपत भरवसा ठेवायचा. काही सारांशांत प्रस्तावनाच अर्धे पान खाते आणि नमुन्याचा आकडा सापडत नाही. तो आकडा कृपया गाळू नका.

नमुना कसा निवडला, यावर काय काय अवलंबून असते, हे आमच्या जिल्ह्याच्या सुपुत्राने दाखवून दिले आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे खटाव तालुक्यातल्या बुध गावचे. पीककापणीच्या प्रयोगात शेतात खुंट्या ठोकून, दोरी ताणून एक तुकडा आखतात, त्यातले पीक कापतात, मळतात, तोलतात आणि त्यावरून एकंदर उत्पन्नाचा अंदाज बांधतात. तुकडा फार लहान घेतला की दोरीवरची ताटे आत ओढली जातात आणि अंदाज फुगतो, हे सुखात्म्यांनी आकडे मांडून सिद्ध केले. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख झाले. दोरीवरच्या ताटाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या जिल्ह्यात आपण आला आहात.

आता थोडे व्यवस्थेविषयी. आमचे गाव लहान, मोठी हॉटेले इथे नाहीत. काहींची सोय मंगल कार्यालयात तर काहींची घरोघरी केली आहे. सकाळी गरम पाण्याला वेळ लागेल, अंथरूण-पांघरूण कुठे कमी पडेल, जेवणाच्या पंगती लांबतील. बरेचसे सारांश अगदी शेवटच्या रात्री हाती आल्याने पुस्तिकेची बांधणी काल उशिरापर्यंत चालू होती. कुणाचे नाव चुकले असेल, समीकरणातले चिन्ह उलटे पडले असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी आणि दुरुस्ती आमच्या टेबलावर लिहून द्यावी. जनरेटर आणला आहे, तरी वीज गेली तर दोन मिनिटे सांभाळून घ्यावे.

या कार्याला हळदीच्या व्यापाऱ्यांनी सढळ हाताने मदत केली. तांदूळ, गूळ आणि भाजी भोवतालच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी आणून दिली. छापखान्याच्या कामगारांनी रात्र जागवली, ज्या घरांनी खोल्या दिल्या त्यांनी पाहुण्यांसाठी स्वतःची गैरसोय करून घेतली, महिला मंडळाच्या भगिनी पहाटेपासून स्वयंपाकघरात आहेत. ग्रंथालय, नगरपालिका, महाविद्यालयाचे प्राचार्य, शिक्षक आणि धावपळ करणारी मुले-मुली या सर्वांचा मी ऋणी आहे. अनवधानाने कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर त्यांनी राग मानू नये.

शेवटी एक विनंती. समारोपानंतर सारांशांचा अंतिम संग्रह निघणार आहे. सुधारित सारांश उद्या संध्याकाळपर्यंत द्या, आणि त्यासोबत दहा ओळींचा मराठी सारांशही द्या. त्याची एक प्रत आमच्या ग्रंथालयात कायमची राहील आणि हळद पिकवणाऱ्याचा मुलगाही ती वाचू शकेल.