घराणं कुणाचं मोठं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा एक भाचा अमेरिकेत नोकरी करतो. मध्यंतरी फोनवर म्हणाला, ‘‘मामू, इथे ऑफिसात सध्या एकच वाद रंगलाय. अमेरिकन फुटबॉलमधलं सगळ्यांत मोठं घराणं कुठलं?’’ मला आधी कळेचना. फुटबॉलमध्ये घराणं कुठून आलं? मग त्याने समजावलं. एखादा संघ वर्षानुवर्षं जिंकत राहिला, की तिकडचे लोक त्याला राजघराण्याची उपमा देतात. 1960च्या दशकात ग्रीन बे पॅकर्स सात वर्षांत पाच वेळा विजेते ठरले. पिट्सबर्ग स्टीलर्सनी 1970च्या दशकातल्या सहा हंगामांत चार वेळा सुपर बोल जिंकला. न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी 2001 ते 2018 या हंगामांत तो सहा वेळा घरी नेला, आणि सहाही वेळा प्रशिक्षक बिल बेलिचिक आणि मुख्य खेळाडू टॉम ब्रेडी हीच जोडी होती.

मी त्याला म्हटलं, ‘‘बाबा रे, हा वाद तुझ्या आजोबांनी आणि त्यांच्या साल्याने आपल्या अंगणात तीस वर्षं घातला. फक्त चेंडू वेगळा होता.’’

माझे अब्बा सोलापुरात गिरणी कामगार होते. माझे मामू मुंबईत, परळच्या गिरणीत. दोघांच्या हाताला सूत सारखंच, पण क्रिकेटचा विषय निघाला की वैर. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला मामू सोलापूरला यायचे. रात्री ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन झाली, की ते हळूच म्हणायचे, ‘‘भाईजान, पंधरा!’’ बस्स, एवढंच. अब्बा पानाचा डबा बाजूला सारून ताठ बसायचे.

पंधरा म्हणजे मुंबईचे रणजी करंडक. 1958-59 ते 1972-73, सलग पंधरा वर्षं. मध्ये एकही वर्ष खंड नाही. 2023-24 सालापर्यंत मुंबईने एकूण 42 वेळा ही स्पर्धा जिंकली, पण त्या पंधरांची गोष्टच वेगळी.

अब्बांचा मुद्दा साधा होता. आपण सोलापूरकर क्रिकेटच्या नकाशात मुंबईत मोडत नाही, महाराष्ट्राच्या संघात मोडतो. त्या संघाने प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी जिंकली होती. पुढे काय झालं? स्पर्धेत विभाग होते आणि प्रत्येक विभागातून एकच संघ पुढे जायचा. मुंबई आणि महाराष्ट्र दोघेही पश्चिम विभागात! म्हणजे मुंबई पुढे गेली की महाराष्ट्राचं दार बंद. अब्बा म्हणायचे, ‘‘ज्या घराने शेजाऱ्याचं दारच लावून घेतलं, त्याच्या थोरवीचं कौतुक काय सांगता?’’

1970-71 साली नियम बदलला. प्रत्येक विभागातून दोन संघ बाद फेरीत जाऊ लागले. आणि त्याच वर्षी अंतिम सामन्यात मुंबईसमोर कोण उभं राहिलं? महाराष्ट्र! शिवाय तेव्हा भारताचा संघ वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होता. कर्णधार अजित वाडेकर तिकडे, दिलीप सरदेसाई तिकडे, एकनाथ सोलकर, अशोक मंकड तिकडे. सुनील गावस्कर नावाचा एक नवा पोरगा तिकडे 774 धावांचा डोंगर रचत होता. मुंबईचा संघ सुधीर नाईक यांच्या हाती होता. सोलापूरच्या कट्ट्याकट्ट्यावर लोक म्हणत होते, आता नाही तर कधीच नाही.

मुंबई 48 धावांनी जिंकली.

मी त्याच वर्षी जन्मलो. घरात मुलगा झाला म्हणून पेढे वाटले, पण अब्बांचा चेहरा उतरलेला होता, असं अम्मी सांगायची. ‘अठ्ठेचाळीस’ हा आकडा आमच्या घरात पुढे शिवीसारखा वापरला गेला. बाजारात भाव जास्त लागला, की अब्बा म्हणायचे, ‘‘चलो, अठ्ठेचाळीस रनने हरलो.’’

हा वाद ऐकत मी मोठा झालो. पुढे कविता लिहू लागलो, मैफली ऐकू लागलो, तेव्हा ‘घराणं’ या शब्दाचा खरा अर्थ आमच्याच मुलखात सापडला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात. दोघेही उत्तरेकडून आले आणि त्यांची गायकी मराठी गळ्यांत रुजली. गाण्यातले जाणकार सांगतात, की निदान तीन पिढ्या शैली टिकली, तरच तिला घराणं म्हणायचं. एकटा कितीही मोठा गवई असो, तो घराणं होत नाही. शिष्याचा शिष्य गाऊ लागला, की मग होतं.

हीच फूटपट्टी मी खेळाला लावून पाहिली. पहिला प्रश्न : समोर कोण होतं? दुसरा : मोठी माणसं नसताना काय झालं? तिसरा : पुढची पिढी कुणी घडवली?

आपली हॉकी घ्या. 1928 ते 1956, ऑलिंपिकमध्ये सलग सहा सुवर्णपदकं. ॲमस्टरडॅममध्ये तर भारतावर एकही गोल झाला नाही. पहिल्या प्रश्नाला मात्र थोडं अडखळायला होतं. 1932च्या लॉस एंजेलिसला हॉकीत तीनच संघ होते आणि आपण अमेरिकेला 24-1 असं हरवलं. त्या सुवर्णाचं वजन जरा कमीच धरावं लागेल. दुसऱ्या प्रश्नाला मात्र या घराण्याने जे उत्तर दिलं, तसं क्वचितच कुणी दिलं असेल. 1947 साली देश फुटला, संघही फुटला. 1936 साली बर्लिनमध्ये भारतासाठी खेळलेले अली दारा 1948 साली लंडनमध्ये पाकिस्तानचे कर्णधार होते. तरीही भारताने त्या लंडनमध्ये, काल-परवापर्यंतच्या राज्यकर्त्या ब्रिटनला अंतिम सामन्यात 4-0 असं हरवलं. आणि 1960 साली रोममध्ये ही परंपरा तुटली ती कुणाकडून? पाकिस्तानकडून, एकाच गोलाने. घराण्याला घराण्याच्याच दुसऱ्या वाटणीने हरवलं. हा प्रसंग सांगताना अब्बा आवाज खाली आणायचे. त्यात हार-जितीपेक्षा दुसरं काहीतरी होतं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

तसं मुंबईतही एके काळी धर्मावर संघ पडत. हिंदूंचा संघ, मुसलमानांचा, पारशांचा. ती पंचरंगी स्पर्धा 1946 साली बंद झाली. रणजीत माणूस कुठे राहतो, कुठे खेळतो, यावर त्याचा संघ ठरतो. मुंबईशी हाडवैर असूनही अब्बांना रणजी प्यारी होती ती यासाठी. ‘‘इथे तुला कुणी जात विचारत नाही, गाव विचारतात,’’ ते म्हणायचे.

आता मुंबई. पहिला प्रश्न, समोर कोण होतं? राजस्थानचंच पाहा. त्या पंधरा वर्षांत राजस्थानने मुंबईविरुद्ध सात अंतिम सामने खेळले आणि सातही हरले. तो काही लेचापेचा संघ नव्हता. सलीम दुराणी, हनुमंत सिंग त्यात होते, मुंबईत वाढलेले विजय मांजरेकरही पुढे राजस्थानकडून खेळले. 1973-74 साली वाटेत मुंबई नव्हती, तरी अंतिम सामन्यात राजस्थान हरलं ते कर्नाटकाकडून. एवढ्या वेळा उंबऱ्यापर्यंत जाऊन परतणं यालाही एक घराणंच लागतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तेच अठ्ठेचाळीस. बिनीचे शिलेदार सातासमुद्रापार असताना दुसऱ्या फळीने करंडक राखला. आणि दुसरी फळी म्हणजे कशी? पद्माकर शिवलकरांचं उदाहरण घ्या. 1972-73च्या अंतिम सामन्यात, मद्रासच्या फिरत्या खेळपट्टीवर त्यांनी पहिल्या डावात 16 धावांत आठ आणि दुसऱ्यात 18 धावांत पाच गडी बाद केले. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. हा माणूस भारताकडून एकही कसोटी खेळला नाही. नव्या चेंडूचे अब्दुल इस्माईल, तेही नाही. 2025 साली शिवलकर गेले, तेव्हा मला वाटलं, घराण्याच्या तसबिरीत पुढच्या रांगेतले चेहरे दिसतात, पण तसबीर भिंतीवर टिकते ती मागच्या खिळ्यावर.

तिसरा प्रश्न, पुढची पिढी कुणी घडवली? हॅरिस आणि गाइल्स शील्डच्या शालेय स्पर्धा. कचेऱ्यांचे आणि कंपन्यांचे संघ, ज्यांनी खेळणाऱ्या पोरांना पगाराची नोकरी दिली. आणि 1948 पासूनची कांगा लीग, भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर. त्या चिखलात मोठा कसोटीवीर आणि कालचा शाळकरी पोर एकाच सामन्यात उतरत. शिष्याने गुरूच्या मागे तंबोरा धरून बसावं, तशीच ही तालीम.

त्यातलं पहिल्या पिढीचं एक नाव तर आपल्या सोलापूरचं आहे. पॉली उम्रीगर 28 मार्च 1926 रोजी सोलापुरात जन्मले. कसोटीत द्विशतक काढणारे ते पहिले भारतीय. 1955-56 साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223. पंधरांपैकी सुरुवातीच्या वर्षांत ते मुंबईकडून खेळले. मामू म्हणायचे, ‘‘बघा, तुमचाच माणूस!’’ अब्बा म्हणायचे, ‘‘जन्माला आमच्याकडे आला, घडला तुमच्याकडे. तेच तर दुखतं.’’

आज वाटतं, अब्बांचं खरं दुखणं त्या वाक्यात होतं. आपल्या गावातही गिरण्या होत्या, मैदानं होती, दम असलेली पोरं होती. पण पोराला नोकरी देऊन वर्षानुवर्षं खेळवेल अशी साखळी जशी मुंबईत उभी राहिली, तशी इथे राहिली नाही. पुढे गिरण्यांचे भोंगेही थांबले, सोलापुरातले आणि परळमधलेही. त्या दिवसांनंतर दोघा म्हाताऱ्यांचा वाद जरा मवाळ झाला.

घराणी संपतातही. 1974 साली बंगळुरूच्या उपान्त्य सामन्यात कर्नाटकाने पहिल्या डावाच्या आघाडीवर मुंबईला रोखलं. विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल यांनी शतकं काढली, प्रसन्नांनी गावस्करांचा त्रिफळा उडवला, आणि जम बसलेले कर्णधार वाडेकर धावबाद झाले. पंधरा वर्षांपूर्वी, पहिल्या विजयाच्याच हंगामात ज्यांनी मुंबईकडून खेळायला सुरुवात केली होती, तेच वाडेकर.

मग निकाल काय? भाच्याला मी सांगितलं, पेट्रियट्स थोर खरे, पण एका जोडीवर उभं राहिलेलं ते राज्य. घराणं म्हणायचं तर मुंबईचं. त्याचा सगळ्यांत भक्कम पुरावा म्हणजे तुझ्या आजोबांचे ते अठ्ठेचाळीस. ज्या पराभवाचं त्यांनी आयुष्यभर दुःख केलं, त्यानेच मुंबईची थोरवी सिद्ध होते. हे मी अब्बांच्या हयातीत त्यांच्या तोंडावर बोललो नाही. धीर झाला नाही.

पण त्यांची बाजूही मी सोडलेली नाही. पूर्वी रणजीच्या खिजगणतीत नसलेल्या विदर्भाने 2017-18 आणि 2018-19 अशी लागोपाठ दोन वर्षं करंडक जिंकला, पुन्हा 2024-25 सालीही जिंकला. म्हणजे साखळी दुसरीकडेही उभी राहू शकते. पार्क मैदानावरून जाताना मी आजही थांबतो. उन्हात पोरं खेळत असतात. कुणी तेलुगू बोलतं, कुणी कानडी, कुणी आमची दखनी, आणि अपील मात्र सगळे एकाच भाषेत करतात. त्यांतला एखादा उद्या मोठा झाला, तर त्याच्या नावापुढे जन्मगाव म्हणून सोलापूर लागेलच. घडला तोही सोलापुरात, असं कधी लिहिता येईल, याची मी वाट पाहतो आहे.