रांगेतली माणसे आणि इथ्रोचा सल्ला
(अध्यक्षीय भाषण)



बायबलच्या जुन्या करारातील 'निर्गम' या पुस्तकाचा अठरावा अध्याय व्यवस्थापनाच्या व्याख्यानांतून इतका घोटला गेला आहे, की नेत्याने कामे वाटून दिली म्हणजे त्याला विसावा मिळतो, एवढेच त्याचे सार समजले जाते; मूळ कथा मात्र रांगेत तिष्ठणाऱ्या माणसांपासून सुरू होते. मिसरच्या दास्यातून सुटलेले इस्राएल लोक रानात तळ देऊन आहेत, त्यांचा नेता मोशे न्यायनिवाड्याला बसला आहे आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक त्याच्याभोवती उभे आहेत. तो बसलेला आणि ते उभे, हा फरक ज्याच्या डोळ्यांत भरतो तो इथ्रो, म्हणजे मोशेचा सासरा व मिद्यानचा याजक, लेकीला आणि दोन नातवांना पोचवायला आलेला पाहुणा आहे; घरच्यांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट पाहुण्याला खटकावी, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

इथ्रोचा अभिप्राय हिब्रूत 'लो तोव' म्हणजे 'बरे नव्हे' अशा दोन शब्दांत येतो, आणि 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्याच्या एकटेपणाविषयी देवाच्या तोंडी हेच शब्द आहेत. पुढे तो जे क्रियापद योजतो ते पान कोमेजण्यासाठीही वापरले जाते, आणि कोमेजणाऱ्यांत मोशेबरोबर लोकही आहेत, हे तो स्पष्ट सांगतो. त्याआधी मोशेने दिलेला खुलासा, लोकच आपल्याकडे येतात हा, ज्याच्या सहीवाचून शाईची बाटलीसुद्धा विकत घेता येत नाही अशा कोणत्याही कार्यवाहाच्या तोंडी शोभेल.

इथ्रोने सुचवलेली रचना हजार, शंभर, पन्नास आणि दहा लोकांवरील नायकांची आहे. निर्गमात पायी निघालेल्या पुरुषांची संख्या सुमारे 6 लाख दिली आहे. तिच्यावरून यहुदी धर्मशास्त्रचर्चेच्या तालमूद या ग्रंथात 600, 6,000, 12,000 आणि 60,000 अशी बेरीज मांडून एकूण 78,600 न्यायाधीश ठरवले आहेत. हा हिशेब रानातल्या तळावर प्रत्यक्षात कितपत उतरला असेल हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी त्यातील 60,000 हा आकडा बोलका आहे, कारण बहुतेक अधिकार दहा घरची भांडणे तोंडपाठ असणाऱ्या माणसाच्या हाती जातो. अशा माणसाच्या अंगी कर्तबगारी, देवाचे भय व सचोटी यांच्या जोडीला लाचेचा तिटकारा असावा, ही अट इथ्रो घालतो, आणि लहान निकाल त्याने स्वतःच द्यावा असेही सांगतो. निकालाचा अधिकार न देता केवळ कागद गोळा करायला बसवलेला मनुष्य या रचनेत बसत नाही.

'अनुवाद' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मोशे हीच हकीकत पुन्हा सांगतो तेव्हा सासऱ्याचे नाव गळलेले असते आणि सुज्ञ माणसे निवडून देण्याचे काम लोकांकडे आलेले असते. सल्लागाराचे श्रेय असे हरवले हे खरे असले, तरी लोकांच्या संमतीची भर पडली, आणि दुसरी गोष्ट अधिक मोलाची मानावी लागते.

खरी कसोटी मात्र 'गणना' या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात लागते. लोकांच्या कटकटीने मरण मागण्यापर्यंत आलेल्या मोशेच्या मदतीस 70 वडील नेमले जातात, आणि त्याच्यावरील आत्म्याचा अंश त्यांना मिळतो. पण यादीतले एलदाद आणि मेदाद दर्शनमंडपाकडे, म्हणजे देवभेटीच्या तंबूकडे, न जाता छावणीतच संदेश देऊ लागतात. एक तरुण धावत जाऊन ही बातमी देतो, मोशेचा सेवक यहोशवा त्यांना आवरण्याचा आग्रह धरतो, आणि मोशे त्यालाच विचारतो की हा मत्सर आपल्यासाठी आहे काय. सगळेच लोक संदेष्टे झाले तर बरे, असेही तो म्हणतो. नजरेआड आणि विनापरवानगी चाललेले काम सोसणे हे नेमणुका करण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

अवघड तेवढे मोशेकडे यावे, असे इथ्रोने सांगितले होते. 'गणना'च्याच सत्ताविसाव्या अध्यायात निपुत्रिक वारलेल्या सलाफहादच्या पाच मुली मोशे, याजक, सरदार आणि सारी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहून बापाच्या वाट्याची जमीन मागतात. इतक्या वर्षांचा न्यायाधीश तेथे निकाल देत नाही. तो त्यांचे प्रकरण देवापुढे नेतो, मुलींचे म्हणणे रास्त असल्याचे उत्तर मिळते, आणि वारसाहक्काचा नियमच बदलतो.