विमानं उभी, वैमानिक कुठे?

डिसेंबर 2025च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. 5 तारखेला तर एकाच दिवसात हजाराहून अधिक. विमानं धडधाकट होती, अपुरे पडले वैमानिक. नव्या नियमांनी त्यांची साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तासांवर नेली आणि रात्री विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली. एकच विमान दिवसभरात चार-पाच शहरं करतं. सकाळी पुण्यात उशीर झाला, तर संध्याकाळी वैमानिकाचे कामाचे तास संपतात. राखीव वैमानिक नसेल, तर ते उड्डाण रद्द होतं, आणि त्याच विमानाची, त्याच चमूची पुढची उड्डाणंही कोलमडतात. बदली माणूस असलाच तर तो भलत्याच शहरात! बाहेरून कुणाला आणावं, तर त्या प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण हवं. ते आठवड्याभरात होत नाही.

नियमच जाचक होते, असं काही जण म्हणतात. पण ते जानेवारी 2024मध्येच जाहीर झाले होते आणि इतर कंपन्यांची उड्डाणं त्याच नियमांत बऱ्याच अंशी सुरू होती. शिवाय मध्यरात्री पेंगुळलेल्या वैमानिकाच्या हाती दीडशे-दोनशे जीव सोपवायचे का? तरीही रात्रपाळीच्या नियमांतून कंपनीला तात्पुरती सूट मिळाली. नियोजन चुकलं कंपनीचं आणि सैल झाला सुरक्षेचा नियम, हे सरळसरळ गैर आहे.